सत्तावीस नंबरच्या चार नळ्या

सोमवार, ६ मार्च

वही दादाची आहे. पहिली अकरा पानं त्याच्या 'ळ'ने भरलेली. दुकानाची पाटी रंगवायला घेण्याआधी त्यातलं सगळ्यांत अवघड अक्षर तो वहीत गिरवायचा, आणि 'ळ' त्याला आयुष्यभर छळत आला. वहिनीने त्याचं दुकान रिकामं करताना वही माझ्या हातात ठेवली, वर त्याची ब्रशांची कॅनव्हासची पिशवी. "वन्सं, कोरी पानं आहेत, वाया कशाला घालवायची?" मला काही टाकवत नाही हे घरादाराला माहीत आहे. पिशवीत माझा अ‍ॅप्रन आणि डबा बरोब्बर बसतो. वहीचं काय करायचं, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी ही रोजनिशी. हसायचं त्याने हसावं. हसणारा तर गेला.

कामाचं लिहिते. आज सत्तावीस नंबर काढला. आमच्या प्रयोगशाळेत नायट्रोजनची टाकी आहे, झाकण उघडलं की गार धूर ओकते. तिच्यात माणसांच्या यकृताच्या पेशी गोठवलेल्या असतात. कुणाच्या यकृतातली गाठ कापतात तेव्हा कडेचा थोडा चांगला भागही निघतो. माणसाने सही दिली असेल तर तो भाग आमच्याकडे येतो. नाव येत नाही, नंबर आणि तारीख येते. सत्तावीसच्या चार नळ्या. तारीख दीड वर्षापूर्वीची, ४ ऑक्टोबर.

या पेशी वाढत नाहीत. वितळवल्या की दोन आठवडे जगतात आणि संपतात. चार नळ्या म्हणजे चार वेळा, बस्स.

नळी कोमट पाण्यात धरायची, आत वाटाण्याएवढा बर्फ उरला की काढायची. बावीस वर्षं मी हे बोटांनी ओळखते, घड्याळ लागत नाही. पेशी छान निघाल्या, शंभरातल्या नव्वद जिवंत. "ताई, हा दाता गुणी दिसतोय," चष्मेवाली म्हणाली. ही आमच्याकडे डॉक्टरेट करते, चष्मा कायम कपाळावर आणि शोध कायम टेबलावर. तिचा प्रबंध याच कामावर उभा आहे. दुपारी पेशी दोन डिशमध्ये घातल्या, एकीत औषध, दुसरीत नाही.

मंगळवार, ७ मार्च

सकाळी वहिनीचा फोन. रोज येतो, रोज मी 'कामात आहे' म्हणते. आज तिने विचारलं, "पण वन्सं, काम म्हणजे नेमकं करता तरी काय?" म्हणून सांगितलं. यकृताच्या प्रत्येक पेशीला दोन अंगं असतात. एक रक्ताकडे, एक पित्ताकडे. रक्तातून घ्यायचं, पित्तात सोडायचं. पेशीची दिशा चुकली, पित्त भलतीकडे गेलं, की माणूस पिवळा पडतो. एवढं म्हटलं आणि जीभ चावली. म्हटलं, कामात आहे.

पुढचं तिला सांगायचं राहिलं ते असं. पेशी सुटी केली की ती दिशा विसरते. शेजारीण मिळाली की दोघींच्या मध्ये एक बारीक नाली उघडते, पित्ताची. नालीच्या दोन्ही काठांना पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, म्हणून आतलं बाहेर येत नाही. त्या शिवणीत बरीच प्रथिनं असतात. त्यातल्या एकाला आमच्या बाई 'टाका' म्हणतात. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, जूनमध्ये निवृत्त होणार. टाका नुसता शिवतो, की कोणती बाजू कोणती हेही पेशीला तोच शिकवतो, हा बाईंचा प्रश्न. म्हणून एका डिशमधला टाका औषधाने बंद पाडायचा आणि बघत बसायचं. एका झाकणावर मी लिहिते 'साधी', दुसऱ्यावर 'बंद'.

नियम असा की नाव डिशच्या अंगावर लिहावं, झाकणावर नाही. पण तळाची काच सूक्ष्मदर्शकासाठी स्वच्छ लागते, आणि बाजूची पट्टी करंगळीच्या नखाएवढी. तिथे कोण कोरत बसणार? मी एका वेळी एकच झाकण उघडते. कधी काही अडलेलं नाही.

आज पेशींवर जेलचा वरचा थर द्यायचा होता. खाली जेल, वर जेल, मध्ये पेशी, म्हणजे त्यांना घरात असल्यासारखं वाटतं. जेल हाताशीच घट्ट व्हायला लागला म्हणून आज दोन्ही झाकणं एकदम काढली. आणि तेवढ्यात टर्पेंटाइनचा वास आला. असा तसा नाही. दादा दारातून आत आल्यावर यायचा तसा, ब्रश पुसलेल्या हातांचा. मी मागे वळून बघितलं. दार बंद होतं, खोलीत मी एकटी. थर दिला, झाकणं लावली, बाहेर येऊन पाणी प्यायले.

गुरुवार, ९ मार्च

वास आज नाही. वाट बघितली, हे लिहायला लाज वाटते.

दादाच्या ऑपरेशनच्या दिवसाची आठवण येत राहिली. ४ ऑक्टोबर. वहिनीला आत बसवत नव्हतं, ती खाली देवाचं काय ते करत होती. मी बाकावर एकटी. तेवढ्यात चष्मेवाली समोरून आली, कामानिमित्त आली होती. मला बघून थांबली, दोन चहा घेऊन आली, शेजारी बसली. टेबल नव्हतं, म्हणून तिच्याजवळची बर्फाची पेटी दोघींच्या मध्ये ठेवली आणि कप तिच्यावर ठेवले. बरं वाटलं होतं. मग ती पेटी उचलून गेली, आणि थोड्या वेळाने डॉक्टर येऊन म्हणाले, गाठ निघाली. आम्ही मूर्खासारखे आनंदलो.

दादा पाटी कधी दारावर रंगवायचा नाही. गिऱ्हाईक हट्ट करायचं, तो ऐकायचा नाही. "दार निघतं, भिंत राहते. नाव भिंतीवर लिहावं." एका शिंप्याने दारावर लिहून घेतलंच दुसऱ्याकडून. वर्षभरात दार सुतारकामाला गेलं आणि शेजारच्या चांभाराकडे लागलं. दादा ही गोष्ट सांगताना इतका हसायचा की शेवट कधी नीट ऐकू यायचा नाही.

शनिवार, ११ मार्च

आज रंग घातला. हा रंग आधी दिसत नाही. पेशीने गिळला की आत हिरवा होतो आणि पेशी तो पित्ताच्या बाजूला ओतून टाकते. दिशा कळत असेल तर दोन पेशींच्या मध्ये हिरवी रेघ उमटते. कळत नसेल तर रंग आतच कोंडतो, पेशी नुसती धुरकट हिरवी.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला काळा पडदा आहे, भरदुपारीही आत काळोख. 'साधी' लावली. धुरकट. एकही रेघ नाही. 'बंद' लावली, आणि रेघाच रेघा. बारीक, स्वच्छ, एका पेशीकडून दुसरीकडे गेलेल्या.

आधीच्या सव्वीस दात्यांत कधी असं झालं नव्हतं. बाईंना बोलावलं. त्या दहा मिनिटं डोळा लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अदलाबदल नाही ना झाली?"

"बाई, बावीस वर्षं झाली मला."

"म्हणून तर तुलाच विचारते."

"नाही झाली."

"औषध लागू पडलंय?"

"तपासणीच्या डिश वेगळ्या होत्या, त्यांत लागू पडलंय."

बाईंनी पुन्हा डोळा लावला. "मग हा माणूस वेगळा आहे. याच्या पेशींना टाका नको. उलट टाका काढल्यावर त्या सुटल्या." एकसष्ट वर्षांची बाई, आणि पोरीसारखी हसली. म्हणाल्या, पुन्हा कर.

बुधवार, १५ मार्च

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

डबा खाताना चष्मेवाली म्हणाली, "ताई, सत्तावीस आपल्याला पावला. आणि गंमत म्हणजे त्याच्याच पेटीवर आपण चहा ठेवला होता. आठवतं? तुम्ही बाकावर बसला होता…" बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला. "ताई, त्या दिवशी तीन ऑपरेशनं होती. माझ्याकडे नुसता नंबर आला होता. कुणाचंही असेल."

मी हो म्हटलं. डबा बंद केला.

सहा तारखेला मी इथेच ४ ऑक्टोबर लिहिलंय. नऊ तारखेला पुन्हा ४ ऑक्टोबर. दोन्ही वेळा माझाच हात. काखेत कळसा म्हणतात तो असा. तीन ऑपरेशनं होती म्हणे.

मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता.

शुक्रवार, १७ मार्च

इन्क्युबेटरच्या काचेला कान लावून उभी होते. बाईंनी बघितलं. म्हणाल्या, काय गं? म्हटलं, पंख्याचा आवाज येतोय का बघते. पंखा ठीक आहे. आत दादा आहे. दोन डिशमध्ये, सदतीस अंशांवर. रोज त्याचं पाणी बदलते. आज बदलताना पुन्हा वास आला आणि या वेळी मी मागे वळले नाही. म्हटलं, थांब असाच.

सोमवार, २० मार्च

दुसरी नळी. कोमट पाण्यात धरली. वाटाण्याएवढा बर्फ उरला तेव्हा बोटांना कळलं होतं, नक्की कळलं होतं. पण मी बर्फाकडे बघत राहिले. दीड वर्ष तो असाच थांबलेला, आणि मी त्याला उठवत होते. भानावर आले तेव्हा बर्फ नव्हता. पेशी शंभरातल्या तीसच जिवंत, त्याही डिशला चिकटल्या नाहीत. सगळं ओतून द्यावं लागलं.

मुद्दाम केलं नाही. हे इथे तरी खरं लिहिते, मुद्दाम नाही केलं.

मंगळवार, २१ मार्च

हे मात्र मुद्दाम केलं. बाईंना सांगितलं, सत्तावीसच्या उरलेल्या दोन नळ्यांना तडा गेलाय, कामाच्या राहिल्या नाहीत. बाई हळहळल्या. "जाऊ दे. एकदाच मिळालं म्हणून स्पष्ट लिहू. तुझ्या हातचं आहे, मला पुरेसं आहे."

दोन्ही नळ्या टाकीत तळाशी, माझ्या जुन्या डब्यात आहेत. डब्यावर नाव नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या नळीच्या पेशी कालपासून सुटायला लागल्या होत्या. पंधरा दिवस टिकल्या. आज धुतल्या.

मंगळवार, २८ मार्च

आज मन बरं आहे. चष्मेवालीने प्रबंधातल्या या प्रकरणाला नाव दिलं, 'टाक्याविना दिशा'. बाई मे महिन्यात मोठ्या सभेत यावर बोलणार, निवृत्तीआधीचं शेवटचं भाषण. रेघांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा थांबतो. कुणी म्हणतं, कोण हा बहाद्दर?

मी आतून फुगते. दादा तसाच होता. तिसऱ्या मजल्यावर शिडीला कुणी धरायचं नाही, एकटा चढायचा, एका हातात डबा, एका हातात ब्रश, आणि ओळ सरळ. सव्वीस माणसांच्या पेशी शिवणीशिवाय वाट चुकल्या, हा नाही चुकला. आजारपणात शेवटी पिवळा पडला, खोली ओळखेना, मला 'कोण तुम्ही' म्हणाला, ते सगळं या एका फोटोने पुसलं.

वहिनीचे तीन फोन राहिलेत. उद्या करते.

मंगळवार, ४ एप्रिल

नवीन दाता सुरू केला, एकतीस नंबर. आज जेलचा वरचा थर द्यायचा होता. 'साधी'चं झाकण काढलं, थर दिला, झाकण लावलं. 'बंद'चं काढलं, थर दिला, लावलं. हात आपोआप चालतो. आणि मग हातच थांबला.

त्या दिवशी?

घरी येऊन ही वही उघडली. ७ मार्च. 'म्हणून आज दोन्ही झाकणं एकदम काढली.' पुढे वास, पुढे मी मागे वळले. 'थर दिला, झाकणं लावली.' कुठलं झाकण कुठे, ते लिहिलेलं नाही. आठवत नाही. मी डोळे मिटून ते टेबल आठवते. डावीकडे एक डिश, उजवीकडे एक, मध्ये दोन झाकणं पालथी. पालथी! अक्षरं खाली होती. आणि माझं तोंड दाराकडे.

झाली असेल अदलाबदल. नसेलही झाली.

झाली असेल तर तो फोटो 'साध्या' डिशचा. म्हणजे टाका होता म्हणून रेघा होत्या. म्हणजे टाका काढल्यावर दादाही सव्वीस जणांसारखाच धुरकट. म्हणजे बाईंचं भाषण खोटं, पोरीचं प्रकरण खोटं, आणि विचारलं तेव्हा मी 'बावीस वर्षं' म्हणाले ते सगळ्यांत खोटं.

कळायला एकच मार्ग आहे. तो टाकीच्या तळाशी आहे.

दादा, तूच आलास ना त्या वेळी? कशाला आलास?

बुधवार, १२ एप्रिल

दादाला जाऊन आज वर्ष झालं. वहिनीकडे गेले. दार उघडून ती एवढंच म्हणाली, "या. म्हटलं, वाट चुकलात की काय." घर तसंच आहे. त्याच्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे असतात. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून ठेवते म्हणाली. दोन माणसांचा स्वयंपाक होऊन जातो अजून, मग तेच सकाळी खाते. मी म्हटलं, माझंही तेच आहे, एकटीला अंदाज येत नाही.

जेवून झाल्यावर विचारलं. "वहिनी, ऑपरेशनच्या वेळी दादाने कसली सही केली होती का? उरलेला भाग संशोधनाला द्यायची?"

ती ताट पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, "केली होती. कागद वाचून म्हणाले, हे तर आपल्या ठमीकडेच जाणार." ठमी म्हणजे मी. जगात दुसरं कुणी मला असं म्हणत नव्हतं. "मी म्हटलं, वन्संना सांगते. तर ओरडले माझ्यावर. म्हणाले, अजिबात सांगू नको. ती काही टाकत नाही. माझं आहे कळलं तर वापरणार नाही, डबीत घालून जपत बसेल. मला काय लोणच्यासारखं मुरवायचंय? कामाला येऊ दे म्हणावं."

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायलाच लागले. वहिनीने ताट खाली ठेवलं. वर्षभरात आम्ही दोघी एकमेकींसमोर रडलो नव्हतो. मी घरी रडायचे, ती घरी रडायची.

गुरुवार, १३ एप्रिल

बाईंना सगळं सांगितलं. झाकणं, वास, नळ्या, दादा. वासाचं सांगताना वाटलं, वेडी म्हणतील. त्यांनी ते ऐकूनच घेतलं. त्यांना लागलं ते दुसरंच.

"मी तुला विचारलं होतं."

"हो बाई."

"तुझ्या शब्दावर मी पुढे काहीच तपासलं नाही. दुसऱ्या कुणाला दहादा विचारलं असतं."

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "दोन नळ्या आहेत ना? दोनदा कर. दुसऱ्या वेळी झाकणं पोरीच्या हातात. तुला माहीत नसेल कुठली कुठली." मग आवाज उतरला. "नाही म्हणालीस तरी मी जोर करणार नाही. फोटो काढून टाकू आणि भाषण रद्द करू. तो तुझा भाऊ आहे."

"त्याने सही केलीय," मी म्हटलं.

चष्मेवाली मात्र चिडली, आणि चिडण्यासारखंच होतं. "महिनाभर लिहितेय मी ताई! तुम्ही रोज माझ्यासमोर डबा खात होता." दिवसभर बोलली नाही. भिंतीवरचा फोटो तिनेच काढला, गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवला.

सोमवार, १७ एप्रिल

तिसरी नळी. वाटाण्याएवढा बर्फ. काढली.

शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जिवंत. डिशच्या बाजूच्या पट्टीवर नाव लिहिलं, दादाच्या सगळ्यांत बारीक ब्रशने, रंगाऐवजी न पुसणारी शाई घेऊन. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत 'साधी' आणि 'बंद' मावतं. बावीस वर्षं मावत नव्हतं.

शनिवार, २२ एप्रिल

रंग घालायच्या वेळी वहिनीला बोलावून घेतलं. बाईंनी परवानगी दिली. ती पडद्याच्या आत आली तेव्हा पदर सावरून अशी उभी राहिली की जणू आत कुणी आजारी आहे.

पट्टीवर 'बंद' लिहिलेली डिश लावली. धुरकट. रेघ नाही, एकही नाही. मी सगळी डिश फिरवून बघितली, कोपरान् कोपरा. दुसऱ्या कुणाच्याही पेशींत जे दिसलं असतं तेच.

मग 'साधी'. रेघा.

म्हणजे झाली होती अदलाबदल. दादा बहाद्दर नव्हता. टाका निघाल्यावर तोही वाट चुकतो, चारचौघांसारखा. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. वाटलंच. खुर्चीत बसून राहिले.

वहिनी म्हणाली, "मी बघू?" तिला डोळा कसा लावायचा ते दाखवलं. तिने डोळा लावला. मग म्हणाली, "हिरवा? यांना हिरवा कधी जमला नाही. हिरवी पाटी घ्यायचेच नाहीत." आणि मग, "ही रेघ कोणाची वन्सं? हिची की तिची?"

म्हटलं, दोघींची. एकीला काढता येत नाही.

"हां," ती म्हणाली, आणि पुन्हा बघायला लागली.

जाताना तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. "अगं बाई, किती मळलीय ही! आणि वास बघा कसला येतोय. द्या, धुवून आणते." मी नको नको म्हणत होते. तिने अ‍ॅप्रनसकट उचलून नेली.

सोमवार, २४ एप्रिल

शेवटची नळी. पाण्यात मीच धरली, बाकी सगळं चष्मेवालीने केलं. मला बाहेर उभं केलं होतं. दार उघडून म्हणाली, "ताई, शंभरातल्या ब्याण्णव." त्या भांडणानंतर मला 'ताई' म्हणाली ते आजच.

शनिवार, २९ एप्रिल

पट्टीवरची नावं चिकटपट्टीखाली झाकलेली. दोन्ही डिश बघितल्या आणि सांगितलं, ही बंद, ही साधी. चष्मेवालीने चिकटपट्ट्या काढल्या. बरोबर. तिने प्रकरणाचं नाव खोडलं. नवीन अजून सुचलेलं नाही. त्यात झाकणांचा किस्सा जसाच्या तसा घालणार म्हणते. घाल म्हटलं, माझ्या नावासकट. बाई सभेत एवढंच सांगणार की सत्तावीसच्या सत्तावीस जणांत टाका लागला. फार मोठी बातमी नाही. खरी आहे.

नोंदवहीत लिहिलं, दाता २७, शिल्लक नाही.

शुक्रवार, ५ मे

सकाळी बघितलं तर शेवटच्या डिशमधल्या पेशी एकमेकींपासून सुटायला लागल्या होत्या. अकरा दिवस टिकल्या. ठेवून उपयोग नव्हता. नियमाप्रमाणे ब्लीच घालून ओतायच्या असतात.

वहिनीने पिशवी आणि अ‍ॅप्रन परवा आणून दिले. कडक इस्त्री, साबणाचा वास. आज तोच अ‍ॅप्रन घालून आत गेले. दोन्ही डिश टेबलावर ठेवल्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही झाकणं एकदम काढली, मध्ये पालथी ठेवली. आता चूक व्हायला काही उरलं नव्हतं. नावं पट्टीवर होती. तशीच उभी राहिले, पाठ दाराकडे करून.

पाच मिनिटं उभी होते. दहा असतील.

वास आला नाही.

म्हटलं, दादा, आता ये की. तरी नाही आला. मग ब्लीच घातलं.

वहिनीने जेवायला बोलावलंय. दोघींचा अंदाज बरोबर येतो म्हणते. निघते.